किती वेळ बघवतं? : ब्रूस कॉनरचे लघुपट



आज ज्या माणसाबद्दल बोलायचं आहे त्याचं नाव ब्रूस कॉनर. अमेरिकन. जन्म १९३३ सालचा, कॅन्सस राज्यातल्या मॅकफर्सन या गावचा. १९५७ मध्ये तो सॅन फ्रान्सिस्कोला आला आणि २००८ मध्ये तिथेच वारला. मुळात तो शिल्पकार. जुने नायलॉनचे पायमोजे, तुटक्या बाहुल्या, मोडलेलं फर्निचर, लोकांनी टाकून दिलेलं जे काही हाताला लागेल त्यातून शिल्पं करायचा. १९५८ मध्ये त्याने पहिली फिल्म केली, तीही याच रीतीने. कुठल्याही स्टुडिओचा पाठिंबा नाही, निर्माता नाही, नट नाहीत. बऱ्याच फिल्म्समध्ये तर त्याने स्वतः कॅमेराही हातात घेतला नाही.

आपल्यापैकी बहुतेकांनी त्याच्या फिल्म्स पाहिलेल्या नसणार, म्हणून आधी त्यात काय दिसतं ते थोडं तपशिलात सांगते आणि मग माझं मत मांडते. मत थोडक्यात असं आहे : कॉनरला लोक ओळखतात ते त्याच्या वेगवान कापाकापीसाठी. मला वाटतं, त्याचं खरं मोठेपण तो जिथे कापत नाही, जिथे थांबतो, तिथे आहे. आणि त्याची मर्यादाही नेमकी तिथेच दिसते.

दुसऱ्यांनी काढलेली चित्रं

पहिली फिल्म, नाव 'अ मूव्ही'. म्हणजे नुसतं 'एक सिनेमा'. बारा मिनिटांची. सुरुवातीला पडद्यावर मोठ्या अक्षरांत 'ब्रूस कॉनर' असं नाव येतं आणि ते हलतच नाही. इतका वेळ राहतं की प्रेक्षक चुळबुळ करायला लागतो. मग आकड्यांची उलटी मोजणी, फिल्मच्या रिळाच्या सुरुवातीला असते ती. ती संपायच्या आत एक अर्धवस्त्रा बाई पायमोजा काढताना दिसते. आणि लगेच पाटी : 'समाप्त'. सिनेमा सुरू व्हायच्या आधीच संपला!

त्यानंतर खरी धावपळ सुरू होते. घोडेस्वार, त्यांच्यामागे बग्ग्या, आगीचा बंब, रणगाडा, शर्यतीच्या गाड्या. प्रत्येक तुकडा वेगळ्या सिनेमातला, वेगळ्या काळातला. पण सगळे एकाच दिशेने पळत असल्यामुळे आपलं मन त्यांना एकच पाठलाग मानतं. गाड्या आपटतात, उलटतात, एक कड्यावरून खाली जाते. आपण हसतो. मागे रेस्पिगीचं 'पाइन्स ऑफ रोम' हे भव्य वाद्यवृंदाचं संगीत चालू आहे.

आता हे सगळं आलं कुठून? त्या काळी अमेरिकेत घरी दाखवायला म्हणून जुन्या समाचारपटांचे, काउबॉयपटांचे तुकडे विकत मिळत. आपल्याकडच्या जुन्या मंडळींना फिल्म्स डिव्हिजनची समाचारचित्रं आठवत असतील. मुख्य सिनेमाच्या आधी लागायची, आणि लोक तेवढ्यात शेंगदाणे घेऊन यायचे. असंच कुणी मन लावून न पाहिलेलं साहित्य कॉनरने उचललं. त्याने एकही शॉट घेतला नाही, फक्त जोडले. चित्र दुसऱ्याचं, शेजार त्याचा.

या फिल्ममधला एक प्रसंग नीट लक्षात ठेवा, शेवटी मला त्याकडे परत यायचं आहे. पाणबुडीतला अधिकारी पेरिस्कोपला डोळा लावतो. कट. बिकिनीतली एक तरुणी कॅमेऱ्याकडे बघते आहे. कट. अधिकारी हुकूम देतो, पाणतीर सुटतो. कट. समुद्रातून अणुस्फोटाचा ढग वर येतो. आणि मग त्याच स्फोटाने उठल्यासारख्या प्रचंड लाटा, त्यावर लाटांशी खेळणारे लोक. प्रेक्षागृह हसतं. विनोद अगदी उघड आहे : पुरुषाची नजर, शस्त्र आणि कामवासना एका दोऱ्यात ओवलेली. पण या विनोदाच्या पोटात एक खरी गोष्ट आहे. अमेरिकेने जुलै १९४६ मध्ये बिकिनी या प्रवाळबेटावर अणुचाचण्या सुरू केल्या, आणि पहिल्या चाचणीनंतर चारच दिवसांनी पॅरिसमध्ये लुई रेआर याने आपला दोन तुकड्यांचा पोहण्याचा पोशाख बाजारात आणला आणि त्याला त्या बेटाचं नाव दिलं. म्हणजे बॉम्ब आणि बाई ही जोडी कॉनरने लावलेली नाही. ती संस्कृतीने आधीच लावून ठेवली होती. त्याने फक्त मधलं अंतर काढून टाकलं.

मग हळूहळू हसू कमी होत जातं. टॅकोमाचा पूल वाऱ्यात कापडासारखा पिळवटतो आणि कोसळतो. हिंडेनबुर्ग हे हवाई जहाज पेटतं. उलटी टांगलेली प्रेतं, त्यात मुसोलिनी. गोळ्या घालून दिलेली मृत्युदंडाची शिक्षा. उपाशी मुलं. संगीत तेच, भव्य. आपल्याला कळतच नाही की नेमक्या कुठल्या क्षणी आपण हसायचं थांबवायला हवं होतं. ही या फिल्मची खरी पकड. ती युद्धावर किंवा हिंसेवर भाष्य करत नाही. ती बघणाऱ्याला पकडते : गाडी कड्यावरून गेली तेव्हा तुम्ही हसलात, तिच्यात माणूस नव्हता का?

तो क्षण, जो दिसतच नाही

२२ नोव्हेंबर १९६३. डॅलसमध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडींची हत्या झाली. त्या वेळी कॉनर मॅसॅच्युसेट्समधल्या ब्रुकलाइनमध्ये राहत होता. योगायोग असा की केनेडींचा जन्म त्याच गावातला. चार दिवस अमेरिकेतले टीव्ही संच दुसरं काही दाखवत नव्हते. कॉनरने टीव्हीच्या पडद्याचंच चित्रण केलं, आणि पुढे १९६७ पर्यंत तो ही फिल्म पुन्हापुन्हा कापत, जोडत राहिला. नाव 'रिपोर्ट', लांबी तेरा मिनिटं. 'रिपोर्ट' म्हणजे बातमी, आणि बंदुकीच्या आवाजालाही इंग्रजीत तोच शब्द आहे.

फिल्मच्या पहिल्या भागात गाडी येते, केनेडी पती-पत्नी दिसतात, गाडी पुढे जाते. आणि पुन्हा येते. पुन्हा जाते. तोच तुकडा परत परत. मागे रेडिओच्या निवेदकाचा आवाज, गोंधळलेला : काहीतरी झालंय, काय झालंय कळत नाही. आणि जिथे आपल्याला आता 'ते' दिसेल असं वाटतं, तिथे पडदा कोरा होतो. पांढरा, काळा, पांढरा, काळा असा नुसता लुकलुकाट, डोळ्यांना सहन होत नाही असा, आणि तो बराच वेळ चालतो. आवाज चालूच. मग पुन्हा उलटी मोजणी, रिळाची. आकडे येतात, पण मोजणी संपून सिनेमा काही सुरू होत नाही.

आज आपल्याला ती हत्या 'माहीत' आहे ती झाप्रूडर नावाच्या माणसाने हौसेने घेतलेल्या चित्रणामुळे. पण ते चित्रण 'लाइफ' मासिकाने विकत घेतलं होतं, आणि अमेरिकेत देशभर टीव्हीवर ते दिसलं १९७५ मध्ये. म्हणजे 'रिपोर्ट' करताना तो क्षण कॉनरपाशी नव्हताच. दुसऱ्या कुणी असता तर नटांकडून करून घेतला असता. कॉनरने जे नाही ते 'नाही' म्हणून दाखवलं. सगळा देश टीव्हीसमोर बसला होता आणि पाहण्यासारखं काही नव्हतं, हा त्या दिवसांचा अनुभव त्या लुकलुकत्या पडद्यात जसाच्या तसा आहे.

दुसऱ्या भागात आवाज काळात मागे जातो. हत्येच्या आधीचा निवेदक, उत्साही, विमानतळावरच्या स्वागताचं वर्णन करतो आहे. आणि चित्रं मात्र भलतीच : बैलांची झुंज, गोळी लागून फुटणारा दिव्याचा बल्ब, शीतकपाटाची जाहिरात. शब्द आणि चित्र एकमेकांवर आपटतात, आणि प्रत्येक साध्या वाक्याला पुढे काय होणार आहे ते माहीत असल्याचा काळा अर्थ चिकटतो. शेवटचं चित्र : एका यंत्रावरचं बटण, त्यावर अक्षरं 'सेल', म्हणजे 'विका'. एका बाईचं बोट ते दाबतं. फिल्म संपते.

या शेवटाबद्दल समीक्षकांनी बरंच लिहिलं आहे, मृत्यूचा माल झाला वगैरे. बरोबरच आहे. पण मला विचाराल तर हा शेवट जरा सोपा आहे. तो अर्थ सांगून मोकळा होतो. कोरा पडदा काहीच सांगत नाही, फक्त बसवून ठेवतो. आणि म्हणून घरी गेल्यावर आठवतो तो कोरा पडदाच.

नजर कुणाची?

आता थोडी अडचणीची बाजू. कॉनरच्या फिल्म्समध्ये बाईचं शरीर वारंवार येतं. १९६६ ची 'ब्रेकअवे' घ्या. पाच मिनिटांची. टोनी बेसिल ही नर्तिका-गायिका काळ्या पार्श्वभूमीवर नाचते आहे, गाणंही तिचंच. कॅमेरा झटके देतो, चौकट तिला धरू पाहते आणि ती निसटत राहते. अर्ध्यावर पोचल्यावर फिल्म उलटी चालायला लागते, गाण्यासकट. इथे नाचणारीचा जोर कॅमेऱ्यापेक्षा जास्त आहे. बघणारा दमतो, ती दमत नाही. फार आनंदाची फिल्म आहे.

त्याच्या उलट 'मर्लिन टाइम्स फाइव्ह', १९६८ ते ७३ या काळात केलेली. एका जुन्या 'फक्त पुरुषांसाठी'च्या चित्रणातली तरुणी, जिला लोक बराच काळ मर्लिन मन्रो समजत होते. प्रत्यक्षात ती आर्लिन हंटर नावाची मॉडेल. कॉनर तेच मोजके तुकडे फिरवून फिरवून दाखवतो आणि मागे मन्रोचं एकच गाणं पाच वेळा वाजतं. त्यामागचा हेतू समजतो : इतक्या वेळा दाखवायचं की वासना गळून पडावी आणि उरावा एक थकलेला, एकटा जीव. पण तसं होतं का? माझ्या मते, होत नाही. नजरेवर टीका करण्यासाठी जी नजर उधार घेतली, तीच शेवटपर्यंत राहते. गाण्याचं ओझं मन्रोच्या आयुष्यावर, शरीराचं ओझं आर्लिन हंटरवर, आणि दिग्दर्शक दोन्हीच्या बाहेर. 'रिपोर्ट'मधली पुनरावृत्ती आपल्याला अडवते, इथली पुनरावृत्ती पुरवठा करते. तंत्र तेच, पण परिणाम वेगळा. कुठलंही तंत्र आपोआप विद्रोही नसतं, हे यावरून शिकण्यासारखं आहे.

त्याच्या वेगाचंही असंच झालं. १९६१ च्या 'कॉस्मिक रे'मध्ये रे चार्ल्सच्या गाण्यावर त्याने नाचणाऱ्या बाया, फटाके, जाहिराती, बॉम्ब यांचा असा काही मारा केला की त्याला पुढे म्युझिक व्हिडिओचा जनक म्हणायला लागले. १९७८ मध्ये त्याने डिव्हो या बँडच्या गाण्यावर फिल्म केली, १९८१ मध्ये डेव्हिड बर्न आणि ब्रायन ईनो यांच्या संगीतावर. त्याच वर्षी एमटीव्ही सुरू झालं. आणि ज्या जाहिरातींची तो टर उडवत होता, त्या जाहिरातींनीच त्याची कात्री उचलली. आज आपल्या फोनवर पाठोपाठ काय येतं बघा : पूल वाहून गेला, पाठोपाठ नवरीचा नाच, पाठोपाठ कुठेतरी पडलेले बॉम्ब, पाठोपाठ मिसळपाव. मागे गाणं चालूच. 'अ मूव्ही' आता कुणी करायला नको, ती आपोआप तयार होते आहे. फक्त तिच्यातला तो टोचणारा भाग तेवढा गळाला.

छत्तीस मिनिटं, एक ढग

म्हणून मला त्याची १९७६ ची 'क्रॉसरोड्स' सगळ्यात महत्त्वाची वाटते. १९५८ मध्ये जो ढग विनोदाच्या शेवटी क्षणभर येऊन गेला होता, त्याच ढगाकडे तो अठरा वर्षांनी परत आला. आणि या वेळी त्याने विनोद काढून टाकला.

'ऑपरेशन क्रॉसरोड्स' हे त्या १९४६ च्या चाचण्यांचं लष्करी नाव. २५ जुलै १९४६ ला बिकिनीच्या खाजणात, पाण्याखाली सुमारे सत्तावीस मीटरवर, 'बेकर' या नावाचा बॉम्ब फोडला. आजूबाजूला जुन्या युद्धनौका नांगरून ठेवल्या होत्या, अमेरिकेच्या स्वतःच्या आणि जपानकडून घेतलेली 'नागातो'ही. आणि हे सगळं टिपायला विमानांत, जहाजांवर, किनाऱ्यावर शेकडो कॅमेरे लावले होते. हे चित्रण आधी गुप्त होतं. ते खुलं झाल्यावर कॉनरने सरकारी अभिलेखागारातून मिळवलं.

फिल्ममध्ये तोच एक स्फोट वेगवेगळ्या कोनांतून दिसतो. बाकी काही नाही. पहिल्या भागात आवाज आहे, पण तो खरा नाही. पॅट्रिक ग्लीसनने तो सिंथेसायझरवर तयार केला. आधी नुसता उजेड, शांतता, पाण्याचा खांब वर चढतो आहे, आणि बऱ्याच वेळाने गडगडाट पोचतो. आपण किती लांब आहोत ते त्या उशिराने कळतं. दुसऱ्या भागात टेरी रायलीचं संगीत येतं, ध्यानाला लावावं तसं. अतिवेगवान कॅमेऱ्यांनी घेतलेले तुकडे इतके संथ चालतात की पाणी ढगासारखं वागतं, ढग दगडासारखा. त्या खांबाच्या पायथ्याशी काही काळे ठिपके दिसतात. त्या युद्धनौका आहेत. ते लक्षात येतं तेव्हा पोटात खड्डा पडतो.

आणि फिल्म सुंदर आहे. हे कबूल केल्याशिवाय तिच्याबद्दल बोलण्यात अर्थ नाही. दहाव्या मिनिटाला आपण भीती विसरून बघायला लागतो, विसाव्या मिनिटाला मनात कंटाळा डोकावतो, आणि मग आपण एका शहराला पुसून टाकू शकणाऱ्या गोष्टीला कंटाळलो याची लाज वाटते. आश्चर्य, सौंदर्य, कंटाळा, लाज हा प्रवास कापाकापीत झालाच नसता. त्याला छत्तीस मिनिटंच लागतात. सौंदर्य हे इथे सजावट म्हणून येत नाही. बॉम्ब बनवणाऱ्या राष्ट्राला तो आवडत का होता, त्याचं उत्तर त्या सौंदर्यात आहे.

पण माणसं कुठे आहेत?

इथवर मी कॉनरच्या बाजूने बोलले. आता आक्षेप. बिकिनीवर माणसं राहत होती, १६७. मार्च १९४६ मध्ये त्यांना बोटीत बसवून रोंगेरिक या बेटावर नेलं. तिथे पुरेसं अन्न नव्हतं. पुढे त्यांना आणखी हलवलं. १९५८ पर्यंत बिकिनीवर तेवीस अणुस्फोट झाले. काही कुटुंबं सत्तरच्या दशकात घरी परतली. कॉनरची फिल्म पूर्ण झाली त्या वर्षी ती तिथेच होती, नारळ खात होती, विहिरीचं पाणी पीत होती. शरीरात किरणोत्सर्गी द्रव्यं वाढल्याचं आढळलं आणि १९७८ मध्ये त्यांना पुन्हा बेट सोडावं लागलं.

'क्रॉसरोड्स'मध्ये यातलं काहीच नाही. एकही माणूस नाही. यावर म्हणता येईल की त्या सरकारी चित्रणात माणसं नव्हतीच, मग तो तरी कुठून आणणार? पण तसं नाही. नौदलाने बेटवासीयांचंही चित्रण केलं होतं. रॉबर्ट स्टोन यांचा 'रेडिओ बिकिनी' हा १९८८ चा माहितीपट बघा. त्यात अधिकारी बेटावरच्या लोकांसमोर बसून त्यांची संमती घेतो आहे. आणि हे दृश्य मनासारखं येईना म्हणून ते पुन्हापुन्हा करवून घेतलेलं दिसतं. विचार करा, घरदार सोडायची संमती, रीटेकसह! स्टोन यांनी ते रीटेक तसेच ठेवले आणि शेजारी बेटवासीयांचा आजचा आवाज ठेवला.

मग कुणाची फिल्म मोठी? मला हा प्रश्नच चुकीचा वाटतो. कॉनर ढगाकडे इतका वेळ बघायला लावतो की बॉम्बची भुरळ कशी चालते ते स्वतःच्या अंगावर कळतं. ते 'रेडिओ बिकिनी'त कळत नाही. पण ती भुरळ कुणाच्या घरावर पडली, हे कॉनर सांगत नाही. राष्ट्राच्या कॅमेऱ्याने जिथून पाहिलं तिथूनच तो पाहतो. 'रिपोर्ट'मध्ये त्याला कळलं होतं की जे चित्रात नाही, त्याचीही जागा पडद्यावर ठेवावी लागते. तिथे त्याने कोरा पडदा ठेवला. बिकिनीच्या लोकांसाठी त्याने तशी कोरी जागा ठेवली नाही. १९५८ च्या विनोदात बेटाचं नाव एका पोशाखापुरतं उरलं होतं, १९७६ च्या शोकात ते एका ढगापुरतं उरलं. हा माझा मुख्य आक्षेप, आणि तो फिल्म चांगली आहे म्हणूनच घ्यावासा वाटतो. वाईट फिल्मकडून कुणी हे मागितलं नसतं.

आपल्यापैकी काही जण व्हिडिओ करतात, संकलन करतात, काही नुसतं बघतात आणि पुढे पाठवतात. तिघांसाठीही कॉनरने दोन कामाचे प्रश्न ठेवलेत असं मी म्हणेन. पहिला त्याने स्वतः विचारला : हे चित्र मी किती वेळ बघू शकतो, आणि नजर का वळवतो? दुसरा त्याच्या फिल्म्सकडून आपल्याला मिळतो, त्याने तो विचारला नसला तरी : कॅमेरा लावणाऱ्याने कुणाला चौकटीबाहेर ठेवलं? पहिल्या प्रश्नाशिवाय दुसरा नुसता आरोप होतो. दुसऱ्याशिवाय पहिला नुसतं ध्यान.

फिल्म्स शक्य तर मोठ्या पडद्यावर, चार लोकांत बसून बघा. 'क्रॉसरोड्स' फोनवर बघितली तर तुम्ही ती नक्की पुढे ढकलणार, आणि मग ती बघून उपयोग नाही.

इथे थांबते.